ऑफ एकच, शहर तीनशे वर्षांचं

बुटीबोरीत नोकरी, आठवड्याला एक सुट्टी आणि सकाळपासून ‘आज कुठे जायचं?’ म्हणून मागे लागलेलं पोर. दर वेळी मॉलच कशाला? गाडी जरा वेगळ्या दिशेला वळवून तर बघा!

शनिवार संध्याकाळ. कंपनीची बस वर्धा रोडला लागते आणि मागच्या सीटवर ठरलेली चर्चा सुरू होते. ‘उद्या काय प्लॅन?’ ‘काही नाही यार, पोट्टं डोकं खातंय, मॉलमध्ये फिरवून आणतो.’ चूक काहीच नाही. मॉलमध्ये एसी आहे, पार्किंग आहे, गेम झोन आहे आणि बायकोची किराणा खरेदीही त्याच फेरीत उरकते. पण दोन तासांत हजार-दीड हजाराला कात्री लागते, परतताना पोर मागच्या सीटवर झोपलेलं असतं आणि आई-बाबा ऑफच्या दिवशी शिफ्ट केल्यासारखे दमलेले. सोमवारी शाळेत बाईंनी विचारलं, ‘सुट्टीत काय पाहिलं?’ तर सांगण्यासारखं एक वाक्य नसतं.

आता जरा मुद्द्याचं बोलू. बुटीबोरीच्या कॉलन्यांमध्ये बरीच घरं बाहेरून आलेली आहेत. कुणी सोलापूरचं, कुणी जळगावचं, कुणी थेट ओडिशाचं. नोकरीनं आपल्याला इथे आणलं. आपल्याला आपलं गाव आहे, तिथली नदी आहे, जत्रा आहे, गोष्टी आहेत. पोरांचं काय? त्यांची शाळा इथली, मित्र इथले, बोलीसुद्धा इथलीच. तरी त्यांना ‘तू कुठला?’ विचारलं तर ती आजोबांच्या गावाचं नाव सांगतात, जिथे वर्षातून जेमतेम आठ दिवस जाणं होतं. तीसेक किलोमीटरवरचं नागपूर त्यांच्यासाठी म्हणजे मॉल, डॉक्टर आणि रेल्वे स्टेशन. आणि ही ओळख वाढवायला वेळही फार नसतो. पाच ते बारा वर्षांचं पोर तुमचं बोट धरून कुठेही येतं. त्यानंतर ते मित्रांसोबत जातं. म्हणजे हातात आहेत सात-आठ वर्षांचे ऑफ, बस्स.

तिकडे काय करतात?

ऑनसाइटच्या निमित्ताने स्कॉटलंडला जाऊन आलेला एखादा मित्र असेल तर त्याला एडिनबर्गबद्दल विचारा. शहराच्या मधोमध टेकडीवर किल्ला. तिथून १८६१ पासून दुपारी ठीक एक वाजता तोफ डागली जाते, रविवारी सुट्टी. किल्ल्याखालच्या जुन्या रस्त्यावर चक्क बालपणाचं म्युझियम आहे, १९५५ पासूनचं. इतिहास म्हणजे सनावळी नाही, तर घड्याळ लावायची तोफ आणि आजीच्या लहानपणीची बाहुली, हे तिथल्या पोरांना न शिकवता कळतं.

आपल्याकडेही शहराच्या मधोमध टेकडीवर किल्ला आहे. जुनी म्युझियम्स आहेत, तलाव आहेत, वेशी आहेत. फरक एवढाच, की इथे गोष्ट सांगायला कुणी उभं नसतं. ते काम आई-बाबांना करावं लागतं. त्यासाठी इतिहासात एमए असायची गरज नाही. एका वेळी एकच जागा निवडायची आणि एकच प्रश्न घेऊन जायचं. बस्स, एवढा एक नियम पाळा.

पहिला ऑफ : घराजवळच

एडिनबर्गचा विषय निघालाच आहे, तर एक स्कॉटिश गोष्ट थेट आपल्या अंगणातली. तिथे शिकलेले स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी इथे शाळा काढली. पण गृहस्थांचा जीव धर्मोपदेशाइतकाच दगडांमध्ये रमायचा. नागपूरच्या आसपास भटकून त्यांनी जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथा उतरवून घेतल्या. ४ सप्टेंबर १८६३ ला ते मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची दगडी वर्तुळं बघायला आले होते. परतताना ओढ्याला पूर आला होता आणि त्यात ते बुडाले. हो, टाकळघाट म्हणजे आपलंच, बुटीबोरी एमआयडीसीला लागून असलेलं. सिव्हिल लाइन्समधलं १८८३ साली सुरू झालेलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

ही दगडी वर्तुळं काय होती? लोहयुगातल्या लोकांची दफनं. माणसाला पुरायचं, सोबत भांडी आणि अवजारं ठेवायची आणि भोवती मोठ्या दगडांचं कडं करायचं. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केलं. टाकळघाटला वस्तीचे अवशेष मिळाले, खाप्याला अशी वर्तुळं, आणि लोखंडाच्या वस्तूही. काळ साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचा.

म्हणजे ज्या पट्ट्यात आज आपण लोखंड कापतो, वितळवतो, तारा ओढतो, तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीही लोखंडकाम जाणणारी माणसं राहत होती. हे पोराला सांगायला तिकीट लागत नाही. संध्याकाळी बाइकवर पुढे बसवा आणि टाकळघाटच्या रस्त्याने एक चक्कर मारून आणा.

आणि वर्तुळं नीट बघायची असतील तर काटोल रोडने जुनापाणी गाठा, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. इथे सुमारे तीनशे दगडी वर्तुळं आहेत आणि जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९६१-६२ च्या उत्खननात इथे माणसाबरोबर पुरलेल्या घोड्याचे अवशेष मिळाले होते. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते शोधायची पोरांची शर्यत लावा, तास कसा गेला कळणार नाही. सावली कमी आहे, म्हणून हिवाळ्यातली सकाळच निवडा. दगड हलवायचे नाहीत आणि त्यावर नाव तर अजिबात कोरायचं नाही.

पोरांना विचारा : घोड्याला सोबत का पुरलं असेल?

दुसरा ऑफ : मेट्रोने झिरो माइल

लहान पोरांसाठी अर्धी ट्रिप म्हणजे प्रवासच. बुटीबोरीपर्यंतच्या मेट्रोला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ती दारात येईपर्यंत खापरी स्टेशनला गाडी लावा आणि ऑरेंज लाइन पकडा. वर्धा रोडवर मेट्रोच्या खालच्या मजल्यावरून उड्डाणपूल जातो, ते पोरांना खिडकीतून दाखवा. झिरो माइल फ्रीडम पार्क स्टेशनला उतरा.

समोर दगडी खांब आणि चार घोडे. ‘हा भारताचा मध्य’ असं आपण सगळे ऐकत आलो आहोत. खरी गंमत वेगळी आहे. इंग्रजांनी अख्ख्या देशाची मोजणी केली, तिला ‘ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे’ म्हणतात. त्या मोजणीतली समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारी ही खूण, १९०७ सालची. इथली उंची १०२०.१७१ फूट. खांबाच्या बाजूंवर आसपासच्या गावांची नावं आणि अंतरं कोरलेली आहेत, ती पोरांकडून वाचून घ्या. वाचता वाचता चंद्रपूरचं जुनं नाव ‘चांदा’ होतं, हेही कळेल.

आता हीच गोष्ट आपल्या हायवेला जोडा. ही मोजणी १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केली विल्यम लॅम्ब्टन यांनी. वीस वर्षं दक्षिणेतून मोजत मोजत ते वर आले आणि नागपूरला पोचण्याआधीच १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. बुटीबोरीहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचंच हे हिंगणघाट. पुढच्या वेळी तिकडून जाताना पोर स्वतःहून आठवण काढतं की नाही, बघा.

पोरांना विचारा : मोबाइल नसताना उंची कशी मोजली असेल?

तिसरा ऑफ : छोट्या रुळांची गाडी

त्याच मेट्रोने पुढे जा, कडबी चौकाला. वाटेत गड्डीगोदामजवळ खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर तुमची मेट्रो, अशी चार मजली गंमत आहे. पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन मिनिटांत निघून जाईल.

कडबी चौकात नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे, २००२ साली सुरू झालेलं. जुनी वाफेची इंजिनं, डबे, सिग्नल, तिकिटं आणि पोरांना बसवून फिरवणारी टॉय ट्रेन. ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, नॅरोगेजचं फक्त ७६२. घरून टेप घेऊन गेलात तर जमिनीवर दोन्ही अंतरं आखून दाखवता येतील. इंजिनियर बाबांना मिरवायची याहून चांगली संधी कुठली!

पण या जागेचं मोल टॉय ट्रेनपेक्षा जास्त आहे. सातपुड्यातून छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि इतवारी-नागभीडची २०१९ मध्ये. रूळ मोठे करायचे होते, काळाप्रमाणे ते झालंच पाहिजे. पण लाकडी बाक, खिडकीतून दिसणारं जंगल आणि प्रत्येक छोट्या स्टेशनवर थांबणारी ती गाडी आता फक्त मोठ्यांच्या आठवणीत उरली आहे. तुमच्या शेजारी कुणी नागपूरचे काका-काकू असतील तर त्यांना सोबत न्या. पाटीवर लिहिलेलं नाही ते सगळं ते सांगतील.

पोरांना विचारा : डोंगरात छोटे रूळ का टाकले असतील?

चौथा ऑफ : अजब बंगला आणि महाराजबाग

नावातच अजब असल्यावर पोरं नाही म्हणतील का? सिव्हिल लाइन्समधलं हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. म्हणजे हिस्लॉप गेले त्याच वर्षीचं. भुसा भरलेले प्राणी-पक्षी, शस्त्रं, जुन्या मूर्ती, ताम्रपट आणि गोंड समाजाच्या वस्तू. सगळी दालनं एका फेरीत बघायचा हट्ट नको. पोराला म्हणा, ‘तुला आवडलेल्या तीन वस्तू शोध आणि वहीत काढ.’ ते खाली मांडी घालून चित्र काढेल, तेवढ्यात तुमचंही निवांत बघून होईल.

मग महाराजबाग. ही भोसल्यांची बाग. १८९४ मध्ये इथे प्राणिसंग्रहालय झालं आणि आता ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. मोठं जंगल बघायचं असेल तर २०२१ मध्ये सुरू झालेली गोरेवाड्याची सफारी आहेच, पण तिला वेगळा दिवस द्या. महाराजबागेत पोरं झाडांखाली डबा खातात, पळतात, आणि आजी-आजोबांना बसायला जागा मिळते.

पाचवा ऑफ : शहर जिथे वाढलं तिथे

नागपूर वसवलं कुणी? देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ मध्ये, बारा वाड्या एकत्र करून. त्याचा मुलगा चांद सुलतान याच्या काळात कोट आणि तलाव झाले. तो तलाव म्हणजे जुम्मा तलाव, आजचा गांधीसागर. कोटाची वेस म्हणजे जुम्मा दरवाजा, आजचा गांधी गेट. त्यानंतर रघूजी भोसले आले आणि महाल भागात मराठ्यांची राजधानी उभी राहिली.

हे सगळं पायी फिरण्याइतकं जवळ आहे. गांधी गेटमधून चालत या आणि तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात शिरा. हे केंद्र १९९२ चं, तारांगण १९९७ चं. पोरं इथल्या खेळांना हात लावू शकतात, तोही ‘अरे हात लावू नकोस’ हे न ऐकता. मे महिन्यातला ऑफ असेल तर डोळे मिटून हीच जागा निवडा.

पोरांना विचारा : शहराला कोट कशाला लागायचा?

वर्षातून मोजकेच दिवस

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. लोकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी उघडतो. कॅलेंडरवर आजच लाल गोल करून ठेवा, नाहीतर झेंडावंदनानंतर झोपेत दिवस जातो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला याच टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि मराठे हरले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारसाशिवाय गेले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. हरलेल्या लढाईची गोष्ट पोरांना जरूर सांगा. ‘मग पुढे काय झालं?’ हा प्रश्न येतोच, आणि गप्पा घरापर्यंत पुरतात.

दुसरा दिवस पोळ्याच्या पाडव्याचा. या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. लाकडी नंदीबैल सजवून पोरं मिरवतात. बुटीबोरीच्या कॉलन्यांमध्येही तो होतो, पण आपण बाहेरून आलेले, म्हणून गॅलरीतून बघतो. या वर्षी एक नंदी आणा आणि पोराला खाली उतरवा. त्याच दिवशी जुन्या नागपुरात मारबत निघते. वाईट चालीरीती आणि रोगराई यांना हाकलून लावणारे मोठाले पुतळे, सोबत त्या वर्षीच्या महागाई-भ्रष्टाचारावर टोमणे मारणारे बडगे. गर्दी तुफान असते, म्हणून अगदी लहानग्यांना घरीच ठेवा, मोठ्यांना एखाद्या ओळखीच्या घराच्या गच्चीवरून दाखवा.

आणि एक शांत जागा

दीक्षाभूमी मात्र वर्षभरात कधीही. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा स्तूप २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. इतर स्तूप बहुधा भरीव असतात, हा आतून पोकळ आहे. पोरांना आत नेऊन वर बघायला सांगा. एरवी क्षणभर गप्प न बसणारं पोरही तिथे आवाज खाली आणतं. माणसाला माणूस म्हणून वागवलं जात नव्हतं तेव्हा काय झालं, हे सांगायला आठ-नऊ वर्षांचं पोर लहान नसतं. सोप्या शब्दांत, खरं खरं सांगा.

निघण्याआधी

• सोमवारी बहुतेक म्युझियम्स बंद असतात. तुमचा ऑफ सोमवारी असेल तर जुनापाणी, झिरो माइल, दीक्षाभूमी. बाकी ठिकाणी चालू आहे का, आधी विचारून घ्या.

• एका दिवशी एक जागा, फार तर दीड. चार ठिकाणं उरकली की पोराला एकही आठवत नाही.

• एप्रिल ते जून दुपारी बाहेर नको. पारा ४५ ला टेकतो. टोपी, दुपट्टा आणि पाण्याची बाटली विसरू नका.

• पोटोबा महत्त्वाचा! सकाळी तर्री-पोहे, पण पोरांच्या प्लेटमध्ये तर्री बेतानेच. सांबारवडी चालते, संत्रा बर्फी पळते. सावजीला पोरं मोठी होऊ द्या.

• एक जुनी वही ठेवा. दर ट्रिपला एक पान, एक चित्र, एक प्रश्न. फोटो मोबाइलमध्ये हरवतात, वही सापडते.

नोकऱ्या आहेत, आज बुटीबोरी, उद्या चाकण, परवा आणखी कुठे. ट्रान्स्फरची ऑर्डर आली की आपण बिऱ्हाड आवरून निघतो आणि वर्षभरात नव्या जागी रुळतो. पोरांचं तसं नसतं. दहाव्या वर्षापर्यंत जिथे राहिलो ती जागा डोक्यात पक्की बसते. ती जागा म्हणजे निव्वळ कंपनीची कॉलनी आणि फूड कोर्ट असावं, की अडीच हजार वर्षांपूर्वीचा घोडा, छोट्या रुळांवरची गाडी आणि चार मजली पूल असलेलं स्वतःचं शहर? ते ठरवायला पुढचा ऑफ आहेच. आज रात्री फक्त पोराला विचारा, आधी घोडा बघायचा की इंजिन.